थंड हवामानातील पाइप धूम्रपान

थंड हवामानातील पाइप धूम्रपान म्हणजे हिवाळ्यात किंवा शीत प्रदेशात उघड्या हवेवर पाइपमधून तंबाखूचा धूर ओढण्याची प्रथा होय. उत्तर यूरोप, उत्तर अमेरिका, सैबेरिया आणि ध्रुवीय प्रदेश येथे ही प्रथा अनेक शतके प्रचलित होती. शिकारी, मच्छीमार, खलाशी, सैनिक आणि ध्रुवीय मोहिमांतील संशोधक यांच्या दैनंदिन जीवनाशी ती जोडली गेली. एकविसाव्या शतकाच्या आरंभी अनेक देशांनी इमारतींच्या आत धूम्रपान करण्यास बंदी घातल्यामुळे पाइप ओढणाऱ्यांना हिवाळ्यातही घराबाहेर जावे लागू लागले व या प्रथेला नवे निमित्त मिळाले.

कडाक्याच्या थंडीत पाइपचे ज्वलन, धुरातील बाष्पाचे सांद्रीभवन, लाकडाचे प्रसरण आणि पेटवण्याच्या साधनांचे कार्य या साऱ्यांत फरक पडतो. पाइपमुळे शरीराला ऊब मिळते, असा समज दीर्घकाळ रूढ होता. प्रत्यक्षात निकोटिनमुळे त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व हातापायांची बोटे अधिक थंड होतात. त्यामुळे थंडीतील धूम्रपान हे तंबाखूच्या नेहमीच्या दुष्परिणामांखेरीज हिमदंशाचा धोका वाढवणारेही ठरते.

## पाइपची रचना

पाइपचे मुख्य भाग तीन असतात : तंबाखू भरण्याची वाटी, वाटीला जोडलेली पोकळ दांडी आणि तोंडात धरायची मुखनळी. वाटीत साधारणतः १ ते ३ ग्रॅम तंबाखू मावतो. तो वरून पेटवतात आणि सावकाश झुरके घेत जळता ठेवतात. एक वाटी संपण्यास अर्धा ते एक तास लागू शकतो. पाइपचा धूर बहुतेक वेळा फुप्फुसांत खोल ओढला जात नाही, तो तोंडात घोळवून सोडला जातो. मात्र पाइपच्या तंबाखूचा धूर सामान्यतः अल्कधर्मी असल्यामुळे त्यातील निकोटिन तोंडाच्या अस्तरातूनही रक्तात शोषले जाते.

पाइप सतत ओढला नाही तर विझतो, आणि फार जोराने ओढला तर तापतो. या दोहोंमधील संथ लय सांभाळणे हे पाइप ओढणाऱ्याचे मुख्य कौशल्य मानले जाते. थंडी आणि वारा हे दोन्ही घटक नेमकी ही लय बिघडवतात.

## थंडीचे भौतिक परिणाम

### बाष्पाचे सांद्रीभवन

तंबाखूत मुळातच काही प्रमाणात ओलावा असतो. शिवाय कोणत्याही सेंद्रिय पदार्थाच्या ज्वलनातून पाणी तयार होते. हे पाणी बाष्परूपाने धुराबरोबर दांडीतून पुढे जाते. उबदार खोलीत त्यातील काही भागच दांडीत साचतो. बाहेर तापमान शून्य अंश सेल्सिअसच्या आसपास असेल, तर मुखनळी व दांडी थंड पडतात आणि बाष्प त्यांच्या आतील पृष्ठभागावर लवकर द्रवरूप होते. परिणामी पाइपमधून गुडगुड आवाज येतो, धूर ओलसर लागतो आणि वाटीच्या तळाशी न जळलेला ओला तंबाखू उरतो. या द्रवात डांबरसदृश पदार्थ आणि निकोटिन मिसळलेले असल्यामुळे तो जिभेला कडू व झोंबरा लागतो.

यावर उपाय म्हणून लोकर गुंडाळलेली लवचिक तार दांडीतून फिरवून ओलावा टिपून घेतात. डब्लिनच्या पीटरसन या उत्पादकाने १८९० मध्ये एकस्व मिळवलेल्या रचनेत दांडीच्या मुळाशी ओलावा साठण्यासाठी एक छोटी खाच ठेवली होती.

### कोरडी हवा

थंड हवेत बाष्प धरून ठेवण्याची क्षमता कमी असते. ३० अंश सेल्सिअस तापमानाची संपृक्त हवा दर घनमीटरला सुमारे ३० ग्रॅम बाष्प धरते, तर शून्य अंशाची हवा जेमतेम ५ ग्रॅम. त्यामुळे हिवाळ्यात, विशेषतः तापवलेल्या घरांत, उघडा राहिलेला तंबाखू लवकर वाळतो. वाळलेला तंबाखू झपाट्याने व अधिक तापमानाला जळतो आणि जीभ भाजल्यासारखी होते. म्हणून थंड प्रदेशांत तंबाखू घट्ट झाकणाच्या डब्यात किंवा मेण लावलेल्या अथवा कातडी पिशवीत ठेवण्याची पद्धत पडली.

### वारा

पाइपच्या दृष्टीने थंडीपेक्षा वारा अधिक त्रासदायक असतो. वाटीवरून वाहणारा वारा निखाऱ्याला सतत प्राणवायू पुरवतो. त्यामुळे ओढणारा झुरका घेत नसतानाही तंबाखू जळत राहतो. वाटी प्रमाणाबाहेर तापते आणि कधीकधी तिची भिंत आतून करपून छिद्र पडते. हातमोजे घातलेल्या व्यक्तीला वाटी किती तापली आहे हे हाताने कळत नाही, त्यामुळे हा धोका अधिक वाढतो. वाऱ्यामुळे उडणाऱ्या ठिणग्या वाळलेले गवत, लोकरी कपडे व तंबूचे कापड यांनाही धोकादायक ठरतात.

### तापमानातील तफावत

वाटीचा आतील भाग निखाऱ्यामुळे तापलेला आणि बाहेरील भाग गोठणबिंदूखाली असेल, तर भिंतीच्या दोन बाजूंचे प्रसरण असमान होते व तडे जाण्याची शक्यता असते. गरम पाइपची मुखनळी लगेच उपसून काढल्यास दांडीचे तोंड तडकू शकते. कारण लाकूड आणि मुखनळीचा पदार्थ वेगवेगळ्या प्रमाणात आकुंचन पावतात. म्हणून पाइप पेटवण्यापूर्वी काही वेळ कोटाच्या आतल्या खिशात ठेवून उबदार करणे आणि पूर्ण निवल्यावरच त्याचे भाग सुटे करणे, असा संकेत पाळला जातो.

### दिसणारा धूर

थंडीत पाइपचा धूर नेहमीपेक्षा दाट व मोठा दिसतो. यात तंबाखूच्या धुराचा वाटा थोडाच असतो. उच्छ्वासातील उबदार बाष्प थंड हवेत येताच सूक्ष्म जलबिंदूंत रूपांतरित होते आणि धुरात मिसळून त्याचे आकारमान वाढवते. थंडीत दरवळही वेगळा जाणवतो. कमी तापमानाला गंधद्रव्यांचे बाष्पीभवन मंदावल्यामुळे परिसरातील इतर वास क्षीण होतात आणि त्या पार्श्वभूमीवर तंबाखूचा वास उठून दिसतो. हिवाळ्यात उघड्यावर पाइप ओढणारे ज्या आनंदाचे वर्णन करतात, त्यात हातातील वाटीची ऊब, दाट धूर आणि हा स्पष्ट दरवळ या तीन गोष्टी बहुधा असतात.

## साधने

### वाटीचे पदार्थ

* ब्रायर : भूमध्य समुद्राच्या परिसरात वाढणाऱ्या एरिका आर्बोरिया या झुडपाच्या मुळाशी येणारी कठीण गाठ. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून फ्रान्समधील सँ-क्लोद या गावात तिच्यापासून पाइप बनू लागले. ही गाठ उकळून व दीर्घकाळ वाळवून वापरतात. तिच्यातील सिलिकामुळे ती सहज जळत नाही. लाकूड उष्णतेचे मंदवाहक असल्याने जाड भिंतीचा ब्रायर पाइप थंडीत सर्वांत सोयीचा समजला जातो.
* मीरशॉम : सेपिओलाइट नावाचे सच्छिद्र व हलके खनिज. तुर्कस्तानातील एस्किशेहिर परिसर त्याच्या खाणींसाठी प्रसिद्ध आहे. हा पदार्थ ओलावा शोषून घेतो, त्यामुळे धूर कोरडा राहतो. मात्र तो ठिसूळ असल्याने बर्फावर किंवा गोठलेल्या जमिनीवर पडताच फुटतो.
* माती : इंग्लंडमध्ये सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून भाजलेल्या पांढऱ्या मातीचे पाइप वापरात आले. नेदरलँड्समधील खाउडा हे शहर पुढे त्यांचे मोठे केंद्र बनले. मातीची वाटी लवकर तापते आणि लवकर निवते, शिवाय ती नाजूक असते.
* मक्याचे कणीस : दाणे काढून वाळवलेल्या कणसापासून बनवलेले स्वस्त पाइप अमेरिकेतील मिसूरी राज्यात १८६९ पासून व्यापारी प्रमाणावर तयार होऊ लागले. हेन्री टिबी यांना १८७८ मध्ये त्याचे एकस्व मिळाले. कणसाचा गाभा ओलावा शोषतो व हा पाइप मोडला तरी फारसे नुकसान होत नाही. त्यामुळे शेतकरी व मच्छीमार यांच्यात तो लोकप्रिय झाला.

### झाकण व वारारोधक

वाऱ्यापासून निखाऱ्याचे रक्षण करण्यासाठी वाटीवर छिद्रे असलेले धातूचे झाकण बसवतात. जर्मनी, ऑस्ट्रिया व आल्प्स पर्वताच्या परिसरातील पारंपरिक पाइपांना बिजागरीचे झाकण असते. त्यामुळे वारा, पाऊस व हिमकण आत शिरत नाहीत आणि ठिणग्याही बाहेर उडत नाहीत. लंडनचे व्यापारी आल्फ्रेड डनहिल यांनी १९०४ मध्ये मोटार चालकांसाठी वाटीच्या पुढील कडेला उंचवटा असलेला वारारोधक पाइप तयार केला. त्या काळच्या मोटारी उघड्या असत. १९०७ मध्ये त्यांनी लंडनमध्ये तंबाखूचे दुकान काढले आणि पुढे त्यांचे नाव पाइपशी कायमचे जोडले गेले.

### मुखनळी

मुखनळीसाठी एबोनाइट, म्हणजे गंधक मिसळून कठीण केलेले रबर, किंवा ॲक्रिलिक वापरतात. हिवाळ्यात धातूची मुखनळी टाळली जाते. धातू उष्णता झपाट्याने वाहून नेत असल्यामुळे गोठणबिंदूखालील तापमानात ओल्या ओठांची त्वचा त्याला चिकटू शकते. ध्रुवीय प्रदेशांत शिंग, हाड व लाकूड यांना पसंती मिळण्याचे हे एक कारण होय.

### तंबाखू

उघड्या हवेसाठी सावकाश जळणारा तंबाखू निवडतात. दाबून वड्या केलेला, चकत्या कापलेला किंवा दोरासारखा पिळलेला तंबाखू वाऱ्यातही हळू जळतो. त्याच्या घट्ट वड्या खिशात सहज बाळगता येत असल्याने खलाशी व सैनिक त्या वापरत. बारीक चिरलेला तंबाखू वाऱ्यात लवकर भडकतो.

### पेटवण्याची साधने

थंडीत गॅसवर चालणारे लायटर अनेकदा पेटत नाहीत. त्यांतील ब्युटेनचा उत्कलनबिंदू उणे ०.५ अंश सेल्सिअस आहे. तापमान त्याखाली गेल्यास द्रवाचे वायूत रूपांतर होण्याचे प्रमाण घटते आणि ज्योत मिळत नाही. लायटर शरीरालगतच्या खिशात ठेवल्यास तो पुन्हा चालतो. आयसोब्युटेनचा उत्कलनबिंदू उणे ११.७ अंश असल्याने त्याचे मिश्रण असलेले इंधन अधिक थंडीत काम देते. १९३२ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या झिप्पो कंपनीचे पेट्रोलजन्य द्रवावर चालणारे, जाळीने वेढलेले लायटर वाऱ्यात टिकण्यासाठी प्रसिद्ध आहेत. आगकाडीवर थंडीचा परिणाम होत नाही, परंतु वारा व ओल यांपुढे ती निरुपयोगी ठरते.

## इतिहास

### उत्तर अमेरिका व सैबेरिया

उत्तर अमेरिकेतील मूलनिवासी समाजांत यूरोपीय लोकांच्या आगमनापूर्वीच पाइप ओढण्याची परंपरा होती व तिला धार्मिक स्थान होते. आजच्या मिनेसोटा राज्यातील पाइपस्टोन येथील तांबडा मऊ दगड पाइपच्या वाट्या कोरण्यासाठी दूरवर नेला जाई. हे ठिकाण १९३७ मध्ये राष्ट्रीय स्मारक घोषित झाले.

अलास्काच्या किनाऱ्यावरील लोकांपर्यंत मात्र तंबाखू बहुतांशी उलट दिशेने पोहोचला. अमेरिका खंडातून तो यूरोपात, तेथून रशियामार्गे सैबेरियात आणि चुक्ची व्यापाऱ्यांमार्फत बेरिंगची सामुद्रधुनी ओलांडून पुन्हा अमेरिकेत आला. या भागातील पाइपांची वाटी अतिशय लहान आणि दांडी लांब असे. तंबाखू दुर्मीळ व महाग असल्यामुळे ही रचना सोयीची होती. काही पाइपांची दांडी उघडता येई व आत साचलेला राळसदृश अंशही वापरला जाई. वॉलरसच्या सुळ्यांपासून बनवलेल्या पाइपांवर शिकारीची दृश्ये कोरलेली आढळतात.

### यूरोप

सोळाव्या व सतराव्या शतकांत तंबाखू यूरोपभर पसरला. त्याला विरोधही झाला. रशियात झार मिखाइल याने १६३४ मध्ये तंबाखूवर बंदी घालून कठोर शिक्षा ठरवल्या. सतराव्या शतकाच्या अखेरीस पीटर द ग्रेट याने ही बंदी उठवली. प्रशियात बर्लिनच्या रस्त्यांवर धूम्रपान करण्यास मनाई होती व आगीची भीती हे तिचे एक कारण होते. १८४८ च्या क्रांतीत ही मनाई रद्द करणे ही लोकांच्या मागण्यांपैकी एक होती आणि ती त्याच वर्षी मान्य झाली. रस्त्यावर पाइप ओढणे हे त्या काळी नागरी स्वातंत्र्याचे चिन्ह मानले गेले.

विसाव्या शतकात डेन्मार्क हे पाइपनिर्मितीचे महत्त्वाचे केंद्र बनले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रायर मिळेनासे झाले, तेव्हा पोल निल्सन यांनी १९४२ मध्ये बीच लाकडाचे पाइप बनवण्यास सुरुवात केली. हीच संस्था पुढे स्टॅनवेल या नावाने प्रसिद्ध झाली.

### ध्रुवीय मोहिमा

थंडीतील पाइप धूम्रपानाच्या सर्वांत तपशीलवार नोंदी ध्रुवीय मोहिमांच्या वृत्तांतांत मिळतात. वजनाचा प्रत्येक ग्रॅम मोजावा लागणाऱ्या या प्रवासांत तंबाखू किती घ्यावा, हा गंभीर प्रश्न असे.

नॉर्वेचे फ्रिटजॉफ नान्सेन यांनी १८८८ मध्ये पाच सहकाऱ्यांसह ग्रीनलंडचा हिमाच्छादित प्रदेश पार केला. उत्तेजक पदार्थ अतिश्रमाच्या प्रवासाला घातक असतात, असे त्यांचे मत होते. त्यामुळे तंबाखू अगदी थोडा घेतला होता आणि पाइप भरण्याची मुभा मुख्यतः रविवारी असे. तंबाखू संपल्यावर सहकारी राख, पाइपचे जळके लाकूड आणि शेवटी डांबर लावलेल्या दोराचे तुकडेही ओढत, असे नान्सेन यांनी नमूद केले आहे.

रोआल्ड आमुंडसेन व त्यांचे चार सहकारी १४ डिसेंबर १९११ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचले. आमुंडसेन यांच्याजवळ एक जुना पाइप होता व त्यावर उत्तर ध्रुवीय प्रदेशातील अनेक ठिकाणांची नावे कोरलेली होती. त्यावर ‘दक्षिण ध्रुव’ ही अक्षरे कोरण्याच्या वेळी ऑस्कर विस्टिंग यांनी आपल्याजवळ जपून ठेवलेला तंबाखू परतीच्या प्रवासासाठी त्यांना भेट दिला. आमुंडसेन यांनी आपल्या प्रवासवर्णनात या भेटीचा कृतज्ञतेने उल्लेख केला आहे.

अर्नेस्ट शॅकलटन यांच्या एन्ड्युरन्स मोहिमेतील २२ जण १९१६ मध्ये एलिफंट बेटावर चार महिन्यांहून अधिक काळ अडकून पडले होते. त्यांचा तंबाखू संपला, तेव्हा बुटांत उबेसाठी घातलेले वाळके गवत पाइपमध्ये भरून ओढण्याचे प्रयोग झाले. ३० ऑगस्ट १९१६ रोजी चिलीच्या येल्चो या जहाजातून शॅकलटन सुटकेसाठी आले. तेव्हा किनाऱ्याजवळ पोहोचताच त्यांनी सिगारेटची पाकिटे किनाऱ्यावर फेकली. अन्न व निवारा यांच्या टंचाईतही तंबाखूची ओढ किती प्रबळ होती, हे या प्रसंगांवरून दिसते. व्यसनाच्या अभ्यासाच्या दृष्टीनेही हे प्रसंग उद्बोधक आहेत.

### पहिले महायुद्ध

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांच्या शिध्यात तंबाखूचा समावेश होता. १९१४ च्या नाताळात राजकन्या मेरी हिच्या नावाने उभारलेल्या निधीतून सैनिकांना पितळी डबी भेट देण्यात आली. धूम्रपान करणाऱ्यांसाठीच्या भेटीत पाइप, एक औंस तंबाखू, सिगारेट व लायटर हे जिन्नस होते. धूम्रपान न करणाऱ्यांसाठी गोळ्या व लेखनसाहित्य होते. त्या हिवाळ्यात फ्रान्स व बेल्जियमच्या आघाडीवर भारतीय सैनिकही लढत होते. त्यांच्या भेटी धर्म व चालीरीती विचारात घेऊन ठरवण्यात आल्या. गुरखा सैनिकांना ब्रिटिश सैनिकांप्रमाणेच भेट मिळाली. शीख सैनिकांना तंबाखूऐवजी खडीसाखर व मसाल्याची डबी, तर इतर भारतीय सैनिकांना सिगारेट, खडीसाखर व मसाले देण्यात आले.

रात्रीच्या वेळी खंदकात पाइप ओढणे धोक्याचे असे. आगकाडीची ज्योत किंवा निखाऱ्याचा प्रकाश शत्रूच्या नेमबाजाला नेम धरण्यास पुरेसा ठरे.

### गिर्यारोहण

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक ब्रिटिश गिर्यारोहक पाइप ओढत. बिल टिलमन हे त्यांपैकी एक प्रसिद्ध नाव होय. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेतील जॉर्ज फिंच यांनी अतिउंचीवर सिगारेट ओढल्याने श्वसन सुलभ झाल्याचा अनुभव नोंदवला होता. आधुनिक वैद्यकशास्त्र या समजुतीला दुजोरा देत नाही. धुरातील कार्बन मोनॉक्साइड रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटवतो आणि विरळ हवेत ही हानी अधिक गंभीर असते.

## भारतीय उपखंड

तंबाखू भारतात पोर्तुगीजांमार्फत आला व प्रथम दख्खनमध्ये रुजला. अकबराचा अधिकारी असद बेग याने विजापूरहून तंबाखू व तो ओढण्याचे साहित्य सतराव्या शतकाच्या अगदी आरंभी मुघल दरबारात नेल्याचे त्याच्याच वृत्तांतात म्हटले आहे. जहांगीर याने १६१७ मध्ये तंबाखूवर बंदीचा हुकूम काढला, परंतु तिचा फारसा परिणाम झाला नाही.

पाश्चात्त्य धाटणीचा पाइप भारतात प्रामुख्याने ब्रिटिश अधिकारी व इंग्रजी शिकलेल्या वर्गापुरता मर्यादित राहिला. सर्वसामान्यांत चिलीम, हुक्का व विडी प्रचलित झाली. महाराष्ट्रात मातीची चिलीम रूढ होती. चिलमीच्या आत तंबाखू अडवण्यासाठी खडा घालतात आणि खालच्या तोंडाशी ओल्या फडक्याची छापी धरतात. छापीमुळे धूर काहीसा निवतो व राख तोंडात जात नाही. पाइप आडवा व एकट्याने ओढायचा असतो. चिलीम उभी धरतात आणि ती हातोहात फिरते. हिवाळ्यात शेकोटीभोवती बसून चिलीम ओढणे ही ग्रामीण भागातील परिचित चाल होती. निखारा शेकोटीतूनच मिळत असल्याने वेगळी आगकाडी लागत नसे. शिर्डीचे साईबाबा व शेगावचे गजानन महाराज यांच्या चरित्रग्रंथांत चिलमीचे उल्लेख आढळतात.

एकच चिलीम अनेकांनी ओढल्यामुळे क्षयरोगासारख्या संसर्गाचा धोका संभवतो. हिवाळ्यात माणसे दाटीवाटीने बसत असल्याने हा धोका वाढतो.

## आरोग्यावरील परिणाम

### उबेचा भास

पाइप ओढणाऱ्याला ऊब जाणवण्याची कारणे स्थानिक असतात. वाटीमुळे तळहात तापतो, गरम धुरामुळे तोंड तापते आणि निकोटिनमुळे तात्पुरती तरतरी येते. शरीराच्या एकूण उष्णतेत यामुळे भर पडत नाही. उलट निकोटिन अनुकंपी चेतासंस्थेला उत्तेजित करते, त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचित होतात व बोटांचे तापमान उतरते. मद्यामुळे त्वचेतील रक्तवाहिन्या प्रसरण पावून ऊब वाटते, पण शरीर उष्णता गमावते. तंबाखूची क्रिया याच्या विरुद्ध असली तरी थंडीत दोन्ही अहितकारक ठरतात. दोन्ही एकत्र घेतल्यास थंडीची खरी जाणीव मंदावते व धोका ओळखण्यास उशीर होतो.

### हिमदंश व रक्तवाहिन्यांचे विकार

थंडीत शरीर आधीच हातापायांचा रक्तपुरवठा घटवून अंतर्गत अवयवांचे तापमान राखत असते. निकोटिनमुळे हा पुरवठा आणखी कमी होतो. म्हणून धूम्रपान हा हिमदंशाचा धोका वाढवणारा घटक मानला जातो आणि हिमदंश झालेल्या रुग्णाला तंबाखू पूर्णपणे वर्ज्य करण्यास सांगितले जाते. थंडीत बोटे पांढरी वा निळी पडण्याच्या रेनो विकारातही धूम्रपानामुळे त्रास वाढतो.

लिओ बर्जर यांनी १९०८ मध्ये सविस्तर वर्णन केलेला बर्जरचा विकार हा तंबाखूशी घट्ट निगडित आहे. त्यात हातापायांच्या लहान व मध्यम रक्तवाहिन्यांत दाह होऊन रक्ताच्या गुठळ्या होतात, जखमा भरत नाहीत व प्रसंगी बोटे किंवा पाय कापावा लागतो. हा विकार भारतासह आशियातील अनेक देशांत तुलनेने अधिक आढळतो आणि थंडीत त्याच्या वेदना वाढतात. तंबाखू पूर्णपणे सोडणे हाच त्याची वाढ रोखण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

### कर्करोग व श्वसनविकार

पाइप ओढणे आणि ओठाचा कर्करोग यांचा संबंध जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ सॅम्युएल टॉमस फॉन झ्योमरिंग यांनी १७९५ मध्येच निदर्शनास आणला होता. पाइपमुळे ओठ, जीभ, तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका व फुप्फुस यांच्या कर्करोगाचा धोका वाढतो, हे पुढे सिद्ध झाले. धूर खोल ओढला नाही तरी तोंड व घसा यांचा धोका टळत नाही. पाइप हा सिगारेटला सुरक्षित पर्याय होय, हा समज चुकीचा आहे.

थंड व कोरडी हवा स्वतःच श्वासनलिकांना उत्तेजित करते आणि दमा असलेल्यांत श्वासनलिका आकुंचन पावतात. त्यात धुराची भर पडल्यास खोकला व धाप वाढते. थंड हवेमुळे रक्तदाबही वाढतो. हृदयविकार असलेल्या व्यक्तींसाठी थंडी, श्रम व निकोटिन यांचा एकत्रित ताण विशेष धोक्याचा असतो.

### बंदिस्त निवारा

कार्बन मोनॉक्साइड हा वायू प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक आसक्तीने हिमोग्लोबिनशी बांधला जातो. थंडीपासून बचावासाठी तंबू अथवा झोपडीची दारे बंद करून शेगडी, शेकोटी व पाइप यांचा वापर केल्यास धूर कोंडतो. अशा ठिकाणी मुख्य धोका शेगडीचा असतो, मात्र तंबाखूच्या धुराने रक्तातील कार्बन मोनॉक्साइड आधीच वाढलेला असतो. पेटता पाइप हातात घेऊन झोप लागल्यास अंथरुणाला आग लागण्याचा धोकाही असतो.

## कायदे

आयर्लंडने २९ मार्च २००४ रोजी कामाच्या ठिकाणी, मद्यगृहांसह, धूम्रपानास बंदी घातली. अशी देशव्यापी बंदी घालणारा तो पहिला देश होय. त्याच वर्षी १ जून रोजी नॉर्वेत, २६ मार्च २००६ रोजी स्कॉटलंडमध्ये आणि १ जुलै २००७ रोजी इंग्लंडमध्ये अशीच बंदी लागू झाली. हे सर्व थंड हवामानाचे प्रदेश असल्याने धूम्रपान करणाऱ्यांसाठी इमारतीबाहेर छप्परवजा आडोसे उभे राहिले. पुढे काही शहरांनी उघड्या जागांवरही निर्बंध आणले. न्यूयॉर्क शहराने मे २०११ मध्ये उद्याने व समुद्रकिनारे धूम्रपानमुक्त केले.

भारतात ‘सिगारेट आणि इतर तंबाखू उत्पादने अधिनियम, २००३’ नुसार सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास मनाई आहे. यासंबंधीचे सुधारित नियम २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झाले. उल्लंघनास २०० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद करण्यात आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रणविषयक आराखडा करारास भारताने २००४ मध्ये मान्यता दिली. हा करार २७ फेब्रुवारी २००५ पासून अमलात आला.

## कला व संस्कृती

थंडी आणि पाइप यांची सांगड पाश्चात्त्य कलेत वारंवार आढळते. व्हिन्सेंट व्हॅन गॉग यांनी जानेवारी १८८९ मध्ये आर्ल येथे रंगवलेल्या एका आत्मचित्रात ते केसाळ टोपी व जाड कोट घातलेले, कानाला पट्टी बांधलेले आणि पाइप ओढत असलेले दिसतात. जर्मनीच्या एर्त्सगेबिर्ग भागात नाताळात मांडल्या जाणाऱ्या लाकडी बाहुल्यांच्या पोटात धूप ठेवतात व तिचा धूर पाइप ओढल्यासारखा तोंडातून बाहेर पडतो. १९५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फ्रॉस्टी द स्नोमॅन’ या अमेरिकी बालगीतातील हिममानवाच्या तोंडातही मक्याच्या कणसाचा पाइप आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तंबाखूचे दुष्परिणाम सर्वज्ञात झाल्यावर पाइपचा वापर बहुतेक देशांत झपाट्याने घटला. आज पाइप ओढणारे संख्येने थोडे असून त्यांच्यात जुने पाइप जमवणे व दुरुस्त करणे हा छंदही आढळतो. ध्रुवीय संशोधक व सैनिक यांचे पाइप अनेक संग्रहालयांत ऐतिहासिक वस्तू म्हणून जतन केलेले आहेत.

## हे सुद्धा पहा

* चिलीम
* हुक्का
* तंबाखू
* निकोटिन
* हिमदंश
* बर्जरचा विकार
* दक्षिण ध्रुव